इंग्रजीतलं जाणं-येणं : गो, कम, रीच, लीव्ह नीट कसे वापरायचे

'आय रीच्ड टू ऑफिस', 'ही एंटर्ड इन द रूम', 'आय ॲम गोइंग टू होम', 'शी रिटर्न्ड बॅक'. अशी वाक्यं लिहिणाऱ्या माणसाला शब्द येत नाहीत असं नाही. चारही क्रियापदं त्याला पाठ आहेत, काळही बरोबर आहे. चूक झाली आहे ती क्रियापदाच्या शेजारी, टू, इन, बॅक या छोट्या शब्दांत. बरीच वर्षं इंग्रजी शिकवताना मला हेच दिसत आलं आहे. हालचालीच्या क्रियापदांचा अर्थ शिकायला एक तास पुरतो. ती मराठीच्या सवयीतून सोडवून घ्यायला मात्र बराच सराव लागतो.

मराठीत दिशा नामाला चिकटते. घरी, शाळेत, स्टेशनला, दाराशी, झाडावरून. आपण प्रत्यय लावला की काम झालं, क्रियापद 'गेलो' असो नाहीतर 'पोहोचलो'. इंग्रजीत नामाला असे दिशेचे प्रत्यय लागत नाहीत. तिथे दिशा कधी क्रियापदानंतरच्या छोट्या शब्दात असते, तर कधी क्रियापदानेच ती पोटात घेतलेली असते. ती नेमकी कुठे आहे हे ओळखता आलं की निम्म्याहून जास्त चुका आपोआप गळतात. या लेखात तेच टप्प्याटप्प्याने करायचं आहे.

पहिला टप्पा : कोण कुठे उभं आहे ते ठरवा

कम आणि गो यांतला फरक मराठी माणसाला खरं तर जन्मजात कळतो. बोलणारा जिथे आहे तिकडची हालचाल म्हणजे कम. ऐकणारा जिथे आहे किंवा असणार आहे तिकडचीही कमच. तिसऱ्या ठिकाणची हालचाल असेल तर गो. फोनवर आपण 'मी पाच वाजता तुझ्याकडे येतो' म्हणतो. इंग्रजीतही 'आय विल कम टु युवर प्लेस ॲट फाइव्ह', इथे गो नाही. आणि मी तिसऱ्याच ठिकाणी निघालोय, पण तुला सोबत घ्यायचंय, तर 'येतोस का?' याला 'डू यू वाँट टु कम?' इथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात, म्हणून बिनधास्त मराठी कानाने ठरवा.

फारकत होते ती रोजच्या तीन बोलींत. पहिली, हाक आल्यावरचं 'आलो!' माणूस अजून जागचा हललेलासुद्धा नसतो, तरी आपण भूतकाळ वापरतो. त्यात 'झालंच समज' असा दिलासा आहे. इंग्रजीत तिथे 'आय ॲम कमिंग!' म्हणतात. 'आय केम' म्हटलं तर ऐकणारा दाराकडे बघेल आणि तिथे कोणी नसेल. दुसरी, निरोप घेतानाचं 'येतो'. जातो म्हणायचं नाही ही आपली रीत, पण 'आय विल कम' असं म्हणून उठलात तर समोरचा विचारेल, कुठे? तिथे 'आय ॲम ऑफ', 'आय शुड गो नाऊ' किंवा नुसतं 'सी यू'. तिसरी, 'जरा बँकेत जाऊन येतो'. याचं 'आय विल गो अँड कम' करू नका. 'आय ॲम जस्ट गोइंग टु द बँक, आय वोन्ट बी लाँग' हे स्वाभाविक आहे. परत येण्याचा भाग 'आय विल बी बॅक' मध्ये मावतो.

आणणं आणि नेणं याच उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. कमची जोडी ब्रिंगशी, गोची टेकशी. 'येताना पुस्तक आण' म्हणजे ब्रिंग, 'जाताना छत्री ने' म्हणजे टेक. 'घेऊन येतो, घेऊन जातो' असं मनात म्हणून बघा, उत्तर लगेच मिळतं. याशिवाय इंग्रजीत फेच नावाचं एक क्रियापद आहे, ज्यात जाणंही आहे आणि आणणंही. 'जा, डॉक्टरांना घेऊन ये' या चार शब्दांना 'फेच द डॉक्टर' एवढंच पुरतं. बोलीत फेचऐवजी गेट जास्त ऐकू येतं. 'कॅन यू गेट माय ग्लासेस?' म्हणजे जाऊन माझा चष्मा आण.

दुसरा टप्पा : क्रियापद फोडून बघा

ही या लेखातली सगळ्यात कामाची युक्ती आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

एंटर हा शब्द फोडला तर काय निघतं? गो + इंटू, आत जाणं. रिटर्न म्हणजे गो + बॅक. डिसेंड म्हणजे गो + डाउन. क्रॉस म्हणजे गो + अक्रॉस. रीच म्हणजे गेट + टू. फॉलो म्हणजे गो + आफ्टर, मागून जाणं. अप्रोच म्हणजे गो + निअर. ज्या क्रियापदातून असा छोटा शब्द निघतो, त्याने तो आधीच गिळलेला असतो. बाहेर पुन्हा तोच शब्द ठेवला की 'आत आत शिरला' किंवा 'परत परतला' असं होतं. म्हणून 'एंटर द रूम', 'क्रॉस द रोड', 'रीच द स्टेशन', 'अप्रोच द डोअर', 'फॉलो हिम'. मध्ये काही नाही. व्हिजिटही यातच बसतं : 'व्हिजिट द म्यूझियम', त्यात टू नको.

रिटर्नने बॅक गिळला आहे, पण टू गिळलेला नाही. त्यामुळे 'रिटर्न टु द ऑफिस' बरोबर, 'रिटर्न बॅक टु द ऑफिस' चूक. गिळलेला शब्द नेमका कोणता, हे पाहायचं म्हणून तर फोडायचं.

यातल्या बऱ्याच शब्दांचा इतिहासही याला पुष्टी देतो. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या शतकांत फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. एंटर, रिटर्न, डिसेंड, अप्रोच, अराइव्ह ही मंडळी त्या वाटेने आलेली. फ्रेंचची रीत दिशा क्रियापदातच ठेवण्याची. गो, कम, रन, वॉक, क्लाइंब हे मूळचे इंग्रजी घरातले शब्द, आणि त्यांना इन, आउट, अप, डाउन शेजारी घेऊन चालायची सवय. म्हणूनच 'गो इन' घरगुती वाटतं आणि 'एंटर' जरा औपचारिक. बोलताना 'कम बॅक', 'गो अप', 'गो इन' वापरा. अर्जात, अहवालात रिटर्न, एंटर शोभतात.

एंटरचा एक अपवाद लक्षात ठेवा. करारात, चर्चेत शिरायचं असेल तर 'एंटर इंटू ॲन ॲग्रीमेंट'. खोलीत पाय ठेवायचा असेल तेव्हा मात्र इंटू नाही.

अराइव्ह या कुटुंबातला असूनही वेगळा वागतो. त्याच्या पोटात लॅटिनमधला 'काठ' हा शब्द आहे. नाव काठाला लागणं, हा त्याचा मूळ अर्थ. काठाला लागलात हे तो सांगतो, पण कुठल्या काठाला ते स्वतंत्र सांगावं लागतं. त्यासाठी ॲट किंवा इन. ठिकाणाकडे एक बिंदू म्हणून बघत असाल तर ॲट : स्टेशन, विमानतळ, दार, हॉटेल. आत सामावून घेणारा प्रदेश असेल तर इन : शहर, देश. 'वी अराइव्ह्ड ॲट द एअरपोर्ट', 'वी अराइव्ह्ड इन जपान'. टू कधीच नाही. 'अराइव्ह टू' ही चूक फार दिसते, कारण मराठीतला '-ला' आपोआप टू होऊन बसतो.

घरीला टू का लागत नाही

'गो टु स्कूल' बरोबर, मग 'गो टु होम' का चूक, हा प्रश्न शिकणारे हमखास विचारतात. मराठीतच बघा. आपण 'घरला' म्हणत नाही, 'घरी' म्हणतो. त्या शेवटच्या ईकारात दिशा आहे. इंग्रजी होममध्येही तशीच एक विभक्ती दडलेली आहे. जुन्या इंग्रजीत घराकडे जाताना त्या शब्दाचं द्वितीयेतलं रूप वापरत. विभक्ती काळाच्या ओघात झिजली, पण अर्थ उरला. म्हणून 'गो होम', 'कम होम', 'गेट होम', 'अराइव्ह होम', 'रीच होम', सगळीकडे होम एकटा.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. मराठीत जिथे नामाऐवजी क्रियाविशेषण येतं, तिथे इंग्रजीतही बहुधा टू नसतो. इथे, तिथे, वर, खाली, आत, बाहेर, परदेशी : हिअर, देअर, अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स, इनसाइड, आउटसाइड, अब्रॉड. 'ही वेंट टु अब्रॉड' कानाला खटकू लागलं की समजा, कसोटी अंगवळणी पडली. होमच्या आधी माझं, तुझं असं काही आलं तर तो पुन्हा साधं नाम होतो आणि टू परततो : 'आय वेंट टु माय पेरेंट्स होम'.

तिसरा टप्पा : निघणं, वाटेत असणं, पोहोचणं

'पोहोचलो' हा आपला फार प्रेमाचा शब्द आहे. घरचे वाट बघत असतात, आपण एका शब्दाचा निरोप टाकतो. त्याचं 'आय रीच्ड' होतं. भारतीय इंग्रजीत ते रुळलं आहे आणि इथल्या इथे कुणाला अडत नाही. पण बाहेरच्या माणसाच्या कानाला ते अर्धवट वाटतं, कारण रीचला कर्म हवं असतं : कुठे पोहोचलात? एकट्याने म्हणायचं तर 'आय ॲम हिअर', 'आय ॲम होम', 'आय हॅव अराइव्ह्ड'. आणि 'कधी पोहोचशील?' याला 'व्हेन विल यू रीच?' ऐवजी 'व्हेन विल यू गेट हिअर?'

गेट हे क्रियापद मन लावून शिका. शाळेत ते 'मिळणे' या अर्थाने शिकवतात आणि तिथेच सोडून देतात. रोजच्या हालचालीत पोहोचण्याचं बहुतेक काम गेट करतं. गेट टु द स्टेशन, गेट होम, गेट देअर, गेट बॅक. 'तिथे जायला एक तास लागतो' हे 'इट टेक्स ॲन आवर टु गेट देअर'.

लीव्हची दोन तोंडं आहेत. ज्या जागेतून निघालो ती थेट कर्म होते : 'आय लेफ्ट द ऑफिस ॲट सिक्स'. जिथे जायचं तिला फॉर लागतं : 'आय लेफ्ट फॉर द ऑफिस ॲट एट'. एका फॉरने दिशा उलटी होते, तेव्हा तो गाळू नका. 'निघालोय' म्हणायचं आणि माणूस खरंच वाटेत असेल तर 'आय ॲम ऑन माय वे'. इथे ऑनच्या जागी चुकूनही इन नको. 'इन द वे' म्हणजे वाटेत आडवा आलेला.

याच लीव्हने एका विद्यार्थिनीची चांगलीच तारांबळ उडवली होती. परदेशी पाहुण्यांना ती म्हणाली, 'आय विल लीव्ह यू ॲट द स्टेशन.' तिच्या मनात होतं, मी तुम्हाला स्टेशनवर सोडते. किती आपुलकीचं वाक्य! पाहुण्यांना ऐकू आलं, मी तुम्हाला स्टेशनवर टाकून जाईन. मराठीतलं सोडणं म्हणजे काळजीने पोहोचवणं, आणि त्यासाठी इंग्रजीत ड्रॉप किंवा ड्रॉप ऑफ आहे : 'आय विल ड्रॉप यू ॲट द स्टेशन'. न्यायला येणं म्हणजे पिक अप, निरोप द्यायला फलाटापर्यंत जाणं म्हणजे सी ऑफ. गाडीतून फुकट सोडण्याला ब्रिटिश माणूस लिफ्ट म्हणतो, अमेरिकन राइड.

गाडीत बसणं-उतरणं पटकन उरकू. आपण बसमध्ये 'बसतो', म्हणून 'आय सॅट इन द बस' होतं. ते आसनावर टेकण्याबद्दल झालं. चढणं म्हणजे गेट ऑन, उतरणं म्हणजे गेट ऑफ. हे बस, ट्रेन, विमान यांना, म्हणजे जिथे आत उभं राहून चालता येतं त्यांना. सायकल आणि घोड्यालाही ऑन, ऑफ, कारण आपण खरोखर वर बसतो. मोटार आणि टॅक्सीत वाकून शिरावं लागतं, म्हणून गेट इन, गेट आउट ऑफ. मोटार ड्राइव्ह करतात, सायकल राइड करतात. पायी जाणं म्हणजे 'ऑन फूट'. 'बाय वॉक' असं काही नाही.

चौथा टप्पा : 'धावत गेला' मधला 'गेला' सोडून द्या

आतापर्यंत चुका दुरुस्त करत होतो. आता ज्याने इंग्रजी खरोखर इंग्रजी वाटू लागतं, तिकडे वळू.

मराठीत आपण म्हणतो, 'तो धावत बाहेर गेला', 'बाळ रांगत खोलीत आलं', 'ती पोहत नदीपलीकडे गेली'. मुख्य क्रियापद जाणं-येणं, आणि कसं ते '-त' लावून बाजूला. शब्दशः केलं तर 'ही वेंट आउट रनिंग' होतं. ते समजतं, पण जड वाटतं आणि कधी कधी 'पळण्याच्या व्यायामाला गेला' असाही अर्थ निघतो. इंग्रजी उलटं करते. कसं ते मुख्य क्रियापदात बसवते आणि दिशा छोट्या शब्दावर सोपवते : 'ही रॅन आउट', 'द बेबी क्रॉल्ड इंटू द रूम', 'शी स्वॅम अक्रॉस द रिव्हर'. जाणं कुठेच उच्चारलेलं नाही, तरी हालचाल पूर्ण दिसते. जगातल्या भाषांचे या निकषावर दोन गट अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी यांनी मांडले. एका गटात दिशा क्रियापदात असते, दुसऱ्यात त्याच्या सोबत्यात. इंग्रजी दुसऱ्या गटातलं ठळक उदाहरण आहे.

तेव्हा कृती अशी. मराठी वाक्यातला '-त' वाला शब्द उचला आणि त्यालाच मुख्य क्रियापद करा. 'आत', 'बाहेर', 'वर', 'पलीकडे' यांचे इन, आउट, अप, अक्रॉस करून त्याच्या मागे ठेवा. 'गेला', 'आला' खोडून टाका. 'लंगडत घरी आला' : 'ही लिम्प्ड होम'. 'चालत स्टेशनला गेलो' : 'आय वॉक्ड टु द स्टेशन'.

आपल्याकडे हालचालीची ढब दाखवणाऱ्या शब्दांचं मोठं भांडार आहे. दुडूदुडू, तरातरा, लटपटत, पाय ओढत, चवड्यांवर, सुळकन, सूंकन. मला हे शब्द अतिशय आवडतात आणि इंग्रजीत जाताना ते वाटेत सांडून देऊ नयेत असं वाटतं. त्यांना तिथे क्रियापदाच्या रूपात भाऊबंद आहेत. दुडूदुडू चालणारं मूल टॉडल करतं. तरातरा निघून जाणारी व्यक्ती 'स्टॉर्म्ड आउट', पण हे रागाने गेली असेल तरच. लटपटत चालणं म्हणजे स्टॅगर. थकून पाय ओढत चालणं म्हणजे ट्रज. चवड्यांवर, आवाज न करता जाणं म्हणजे टिपटो : 'शी टिपटोड पास्ट द बेडरूम'. सुळकन निसटणं म्हणजे 'स्लिप आउट', सूंकन जाणारी मोटार 'झूम्ड पास्ट'. आठवड्याला दोनच घ्या, पण प्रत्येक शब्द इन, आउट, अप, डाउन, पास्ट, अक्रॉस यांच्यासोबत फिरवून बघा. आणि 'ही टिपटोड स्लोली अँड क्वायटली' असं करू नका. हळू आणि गुपचूप हे त्या क्रियापदात आलंच.

'फिरायला गेलो' याचं मात्र 'आय वेंट फॉर रोमिंग' होत नाही. सकाळचं फिरणं म्हणजे 'गो फॉर अ वॉक', गाव बघत भटकणं म्हणजे 'वॉक अराउंड द टाउन', प्रवासाला जाणं म्हणजे 'गो ऑन अ ट्रिप'. 'पोहायला गेलो' म्हणजे 'वेंट स्विमिंग' किंवा 'वेंट फॉर अ स्विम'. 'वेंट फॉर स्विमिंग' ही दोघांची खिचडी आहे.

गॉन की बीन

वेंट हे गोचं भूतकाळी रूप इतकं वेगळं का दिसतं? कारण ते मुळात दुसऱ्याच क्रियापदाचं, वेंडचं. नवशिक्याला याचा राग येतो, पण आपणही तेच करतो. जाणे संस्कृत 'या' धातूकडून आलं आणि गेला 'गत' कडून. जा आणि गे यांच्यात एक अक्षर सारखं नाही, तरी मराठी मूल न अडखळता बोलतं. गो, वेंट, गॉन हेही पाठांतराने बसत नसेल तर 'जातो, गेला, गेलाय' या लयीत म्हणून बघा.

'तो दिल्लीला गेलाय' आणि 'तो दिल्लीला जाऊन आलाय' यांत जो फरक आहे, तोच गॉन आणि बीनमध्ये आहे. 'ही हॅज गॉन टु दिल्ली' : अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टु दिल्ली' : जाऊन परतला. आयुष्यात कधी गेला आहात का, हे विचारताना समोरचा माणूस समोरच बसलेला असतो, म्हणून 'हॅव यू एव्हर बीन टु दिल्ली?' इथे 'जाऊन आला' म्हणून बघा, गॉन तोंडात येणारच नाही.

येणं जेव्हा येणं नसतं

मराठीत नुसती माणसंच येत नाहीत. राग येतो, झोप येते, ताप येतो, वास येतो, आठवण येते, इंग्रजीसुद्धा येतं. यातलं एकही कमने सांगता येत नाही, आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. राग आला : 'आय गॉट अँग्री'. झोप येतेय : 'आय ॲम स्लीपी'. ताप आला : 'आय हॅव अ फीव्हर'. वास येतोय : 'आय कॅन स्मेल इट'. तुझी आठवण येते : 'आय मिस यू'. मला पोहता येतं : 'आय कॅन स्विम'. पाऊस आला : 'इट हॅज स्टार्टेड रेनिंग'. लाइट गेली हे मात्र इंग्रजीतही जवळपास तसंच, 'द पॉवर हॅज गॉन आउट'. फक्त आउट विसरू नका. घर बदलणं म्हणजे मूव्ह. 'वी हॅव शिफ्टेड' आपल्याकडे सर्रास चालतं, बाहेर 'वी हॅव मूव्ह्ड' म्हणा.

सराव : एकच वाट, दोनदा

बसल्या जागेवरून गच्चीपर्यंत जा आणि प्रत्येक वळण मोठ्याने इंग्रजीत सांगा. खुर्चीतून उठलो : 'आय गॉट अप फ्रॉम माय चेअर'. खोली ओलांडली : 'वॉक्ड अक्रॉस द रूम'. दारातून गेलो : 'वेंट थ्रू द डोअर'. बोळातून पुढे : 'अलाँग द कॉरिडॉर'. स्वयंपाकघरावरून : 'पास्ट द किचन'. जिना चढून : 'अप द स्टेअर्स'. गच्चीत : 'आउट ऑन्टू द टेरेस'. अक्रॉस, थ्रू, अलाँग, पास्ट, अप, ऑन्टू हे सहाही शब्द एका मिनिटात पायाखालून गेले. पायांनी शिकलेला शब्द वहीतल्यापेक्षा जास्त टिकतो, असा माझा अनुभव आहे.

मग गच्चीतच उभे राहा आणि तीच वाट दुसरं कुणी चढून येतंय अशी कल्पना करा. आता वेंटच्या जागी केम येईल : 'शी केम थ्रू द डोअर, केम अलाँग द कॉरिडॉर, केम अप द स्टेअर्स'. छोटे शब्द जसेच्या तसे राहतील, बदलेल ते फक्त क्रियापद. हे दोनदा जमलं की तिसऱ्या फेरीत वेंट आणि केम दोन्ही काढून त्यांच्या जागी रॅन, टिपटोड, ट्रज्ड घालून बघा.